मुठीची खीर

खीर चावून खावी लागली, ही बातमी चिटगुप्प्याच्या बाजारात माझ्याआधी पोचली होती. मी गेले होते ब्लाउजचं अस्तर घ्यायला. दुकानदारानं कापड मोजता मोजता विचारलं, "बाई, परवा तुमच्या गावात खिरीला दात लागले म्हणं?" मी म्हटलं, "अस्तर द्या." त्यानं दिलं, पण हसू दाबताना त्याची कात्री वाकडी गेली. ते तिरकं अस्तर अजून माझ्या कपाटात आहे. कोणत्याच ब्लाउजला बसत नाही.

ती गेल्या सालच्या बुद्ध पौर्णिमेची खीर होती आणि ती मी केली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं वाचताना तुम्ही उगाच दुसऱ्या कुणावर संशय घ्याल.

आमच्या गावात विहाराभोवती सत्तर घरं आहेत. दरवर्षी पौर्णिमेच्या आधी दोन बाया दुरडी घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक घरून एक मूठ तांदूळ घेतात. या मुठीची रीत अशी की देणाऱ्यानं हात पालथा धरायचा. तळहात खाली, बोटं मिटलेली, आणि दुरडीच्या अगदी तळाशी नेऊन मूठ सोडायची. म्हणजे कुणी किती दिलं ते घेणारीलाही दिसत नाही. एखाद्या घरात त्या दिवशी दहाच दाणे असले तरी मूठ ती मूठ. उपाशी बसलेल्या तथागतांना एका बाईनं खीर दिली, ती तिच्या एकटीच्या घरची होती. आमच्या आधीच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, आपली खीर एका घरची नको. मोठेपणा कुणा एकाच्या नावावर जायला नको आणि लाज कुणा एकाच्या वाट्याला यायला नको.

रीत सुंदर आहे. फक्त ती शिजत नाही.

पूर्वी शिजायची. कारण पूर्वी रोजच्या जेवणात भाकरी होती आणि तांदूळ सणाचा. तो सगळ्यांकडे एकाच रेशन दुकानातून, एकाच पोत्यातून यायचा. सत्तर घरांचा तांदूळ म्हणजे एकच तांदूळ. आता कुणाचा मुलगा हैदराबादेत कंपनीत आहे, तो लांब दाण्याचा बासमती पाठवतो. कुणाकडे जुना सोना मसुरी. कुणी कालच भरलेला नवा. कुणाला साखरेचा आजार, त्यांच्या घरी लाल तांदूळ. आणि रेशनच्या तांदळात ते वेगळे पांढरेफटक दाणे असतात, ज्यांना आमच्या बाया प्लास्टिकचे म्हणतात. प्लास्टिक ते नसतात, पण शिजताना त्यांचं इतरांशी पटत नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. माणसांची परिस्थिती सुधारली आणि खीर बिघडली.

मी शाळेत गणित शिकवते. वर्षानुवर्षं खीर करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या जाऊबाईंची नजर गेली, तेव्हा त्यांनी सराटा माझ्या हातात दिला आणि मला काहीच अवघड वाटलं नाही. चार माणसांची खीर मला येत होती. तिला पंच्याहत्तरनं गुणलं की तीनशे माणसांची झाली. तांदूळ गुणले, दूध गुणलं, साखर गुणली, वेळ मात्र गुणायचा की नाही हे ठरेना. म्हणून बोटभर भात दाबून बघितला, मऊ लागला, साखर ओतली. मऊ लागला तो नवा तांदूळ होता. जुना अजून आत खडा होता. आणि साखर पडल्यावर तो जो रुसला, तो पंगत उठेपर्यंत शिजला नाही. पानात काय पडलं तर अर्धी खळ आणि अर्धे छर्रे. लोक वंदनेनंतर इतके शांत कधीच बसले नव्हते. तीनशे माणसं समोर बघत नुसती चावत होती.

यंदा माघात समितीची बैठक झाली. समितीचा सेक्रेटरी तिशीच्या आतला आहे, बिदरला नोकरी करतो आणि माझ्याच हाताखाली शिकलेला आहे. अपूर्णांकात कच्चा होता. तो उभा राहिला आणि फार अदबीनं म्हणाला, "बाई, राग धरू नका. पन औंदा आचारी सांगावा म्हणायलोय."

"कामून?"

"कामून म्हंजे? तुमाला म्हाईत हाय बाई."

"मला म्हाईत हाय. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"पोरं इचारायलेत, पौर्णिमेला यायचं तर अडकित्ता घिऊन यायचा का म्हणून."

सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. त्यानं पुढं सांगितलं की कलबुर्गीचा एक आचारी आहे, तो आपला तांदूळ, आपली भांडी, आपली माणसं घेऊन येतो. पिवळी, दाट, काजू घातलेली खीर करतो. दोन तासांत काम खलास.

"मग मूठ?" मी विचारलं.

"मुठीचं काय कामच न्हाई, बाई. ज्याला जमंल त्यानं वर्गणी द्यायची."

भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. एकट्या राहतात, शेतात निंदणीला अजून जातात, कुणाचं उसनं मीठही ठेवत नाहीत. त्या म्हणाल्या, "आन् ज्याला न्हाई जमलं त्यानं?"

"त्यानं बी खायाचं की, आजी. तुमाला कोन न्हाई म्हणायलंय?"

"म्हंजे फुकट खायाचं."

"तसं न्हाई..."

"तसंच हाय की रं." आजींनी पदर सावरला. "आजवर मी माजी मूठ टाकून खाल्ली. फुकटची खीर मला नगं. मी घरीच बसंन."

माझे पाय मला न विचारता उभे राहिले. नाटकात काम करायची हौस मला शाळेपासून आहे आणि ती नेहमी चुकीच्या वेळी उफाळते. मी हात वर करून जाहीर केलं, "औंदाची खीर मीच करणार, आणि मुठीचीच करणार. एक दाणा जरी कुणाच्या दाताखाली आला, तर पुढल्या साली आचारी आणा. मी स्वतः हार घेऊन त्याला बसस्टँडवर आणायला जाते." टाळ्या पडल्या. खाली बसल्यावर लक्षात आलं की कसं करायचं याची मला काडीचीही कल्पना नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात खिरीचे प्रयोग सुरू झाले आणि नवऱ्याचं नशीब फिरलं. हा माणूस तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होता, सहनशक्ती भरपूर. मी आठ घरांतून वाटी वाटी वेगवेगळा तांदूळ मागून आणला आणि मिसळला. पहिल्या प्रयोगात तो मिसळलेला तांदूळ मी चष्मा लावून परत वेगळा करायला बसले. दोन तासांत एक वाटी निवडून झाली आणि मान धरली. हिशोब केला तर सगळा तांदूळ निवडून होईपर्यंत पुढची पौर्णिमा आली असती. दुसऱ्या प्रयोगात सगळा तांदूळ कुकरमध्ये घालून दहा शिट्ट्या केल्या. झाकण उघडलं तर आत दाणा म्हणून उरलाच नव्हता.

नवऱ्यानं चमचा उभा करून बघितला. तो उभाच राहिला.

"ही खायाची का लावायची?" त्यानं विचारलं.

"काय लावायची?"

"पोस्टरं. इलेक्शन जवळ यायलंय."

तिसऱ्या प्रयोगात तांदूळ रात्रभर भिजवला. जुना भिजला, नवा विरघळला, लाल तांदूळ दोघांकडे बघत तसाच राहिला. ती खीर नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्ली आणि त्यानंतर तो संध्याकाळी जेवायच्या वेळी मित्राकडे जाऊ लागला.

शेवटी मी शेजारच्या अक्काकडे गेले. अक्का कोहिनूर गावाकडची, घरात कन्नड बोलतात आणि माझ्याशी मराठी. तिची हुग्गी खाल्ली नसेल तर तुम्ही गव्हाची खीर खाल्लीच नाही. ती गव्हाला पाण्याचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवते, मग उखळात सडते. टरफल सुटतं, ते सुपानं पाखडून टाकते. पांढरे झालेले गहू भरपूर पाण्यात मंद जाळावर ठेवते आणि तुळशीला पाणी घालून, धुणं धुऊन, शेजारणीशी भांडून परत येते, तरी ते शिजतच असतात. गहू फुटून फुलासारखा उघडला की गूळ. मग सुंठ, वेलदोडा, बडीशेप, भाजलेली खसखस, खोबऱ्याचा कीस. दूध त्यात ती कधीच घालत नाही. वाढताना वाटीत वरून घालते आणि त्यावर तूप.

"अक्का, गूळ कधी घालायचा ते नेमकं सांग. किती मिनिटांनी?"

"मिनिट काय विचारतेस गं? दाण्याला विचार की." तिनं पातेल्यातला एक गहू काढून अंगठा आणि बोटात धरला आणि चिरडला. "ह्यो बघ. मधी पांढरा ठिपका दिसला का?"

"न्हाई."

"मग आता गूळ. ठिपका हाय तवर गुळाला हात लावायचा न्हाई. गूळ पडला की दाना हाय तिथंच थांबतो. मग तू वरून गंगा ओत, हलणार न्हाई."

"आणि दूध?"

"उकळत्या गुळात दूध घातलीस की फाटलं. मग पनीर कर आणि बस." तिनं माझ्याकडे तिरकं बघितलं. "तू साखर घालती होतीस म्हणून दूध वाचलं. खीर न्हाई वाचली."

मी वही काढून लिहून घेत होते. अक्कानं ती वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि कोनाड्यात ठेवली. "तू हिशोब करायलीस. शिजवायलीस कुठं?"

ती शिकवण सोन्यासारखी होती, पण तिचा गहू एकाच शेतातला. एक दाणा उघडला की सगळे उघडतात. माझ्या डेगीत सत्तर घरं होती. कुणाच्या दाण्याला विचारू?

आठ दिवस गोड चाखून चाखून जीभ विटली होती. त्या संध्याकाळी मी ज्वारीच्या कण्या केल्या. माझं माहेर चिंताकीकडचं. तिकडं पोट बिघडलं, मन बिघडलं, पाहुणा न सांगता आला, या सगळ्याला कण्या हाच उपाय असतो. ज्वारी जाडसर भरडायची. मग दोन चाळण्या लावून तिचे तीन भाग करायचे. जाड कण्या वेगळ्या, बारीक वेगळ्या, खाली पडलेलं पीठ वेगळं. पाण्याला उकळी आली की मीठ घालून आधी जाड कण्या सोडायच्या. त्या फुगून वर आल्या की बारीक. ते पीठ ताकात कालवून शेवटी घालायचं, म्हणजे सगळं मिळून येतं. वरून लसूण, जिरं, सुक्या मिरचीची फोडणी. गरम असताना भातासारखं मोकळं नाही आणि पिठल्यासारखं घट्ट नाही, मधलं काहीतरी, चमच्यानं खायचं. सोबत कच्चा कांदा.

नवरा मुद्दाम उशिरा आला. ताटात गोड नाही हे बघून त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी लग्नातही बघितलं नव्हतं. आम्ही जेवायला बसलो. मी दुसरा घास तोंडात घातला आणि थांबले. डब्यातली ज्वारी संपत आली होती म्हणून मी त्यात जाऊबाईंकडची वाटीभर घातली होती, आणि तळाला गेल्या वर्षीची होती. तीन जागची ज्वारी. आणि तोंडात एकसारखी मऊ.

मी ताटावरून उठले.

"काय झालं? खडा लागला का?"

"न्हाई लागला!" मी ओरडले. "न्हाई लागला!"

"मग बस की खाली. उठायलीस कामून?"

मी स्वयंपाकघरातून मिसळलेल्या तांदळाचा डबा आणून त्याच्यासमोर आदळला. आख्खा दाणा आपली जात धरून बसतो. जुना तो जुना, लाल तो लाल. भरडून एका मापाचा केला तर त्याला हट्ट करायला जागाच उरत नाही. जी जाड कणी राहील ती आधी, जी बारीक पडेल ती नंतर. तांदूळ कोणत्या घरून आला हे डेगीला कशाला कळायला हवं? नवऱ्यानं हे सगळं ऐकलं, घास गिळला आणि म्हणाला, "म्हंजे उद्या परत खीर."

दुसऱ्या दिवशी खीर झालीच. चक्कीवाला तांदूळ बघून म्हणाला, "बाई, ह्याचं पीठ कराव का रवा?" मी म्हटलं, "कण्या." तो म्हणाला, "तांदळाच्या? कुनाचं पोट बिघडलंय?" मी चक्कीचा वरचा दगड जरा उचलून धरायला लावला आणि समोर उभी राहून भरडून घेतलं. घरी येऊन दोन चाळण्या. आधी जाड, मग बारीक. बोटात चिरडून ठिपका बघितला, मग गूळ. दूध वाढताना. नवऱ्यानं वाटी संपवली आणि परत पुढं केली. कंडक्टरच्या हाताची ती सवय मला ओळखीची आहे. सुट्टे दिल्याशिवाय तो हात मागं जात नाही. मी दुसरी वाटी वाढली.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी दुरडी फिरली. या वेळी मी स्वतः गेले आणि दारोदार सांगितलं, तांदूळच पाहिजे असं नाही, जे घरात असेल ते. त्यामुळं दुरडीत गहू पडला, ज्वारी पडली, एका घरून मूठभर राळे आले. पालथ्या मुठी, बंद बोटं. फक्त आजींच्या दाराला कुलूप होतं. लेकीकडं गेल्यात, असं शेजारणीनं सांगितलं. सगळं धान्य निवडलं, ऊन दिलं, भरडलं, चाळलं. सेक्रेटरी सुट्टीला आला होता. त्यानं त्या तीन ढिगांकडं बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्यातनं खीर व्हणार का कोंबड्याला टाकायचंय?"

"तू आचाऱ्याचा नंबर सांभाळून ठेव," मी म्हटलं.

"ठेवलाय," तो म्हणाला. आणि त्यानं खरंच ठेवला होता.

पौर्णिमेला पहाटेच विहाराच्या मागं लिंबाखाली चूल मांडली. वैशाखाचं ऊन नऊनंतर कुणाला उभं राहू देत नाही. भाड्याची डेग घासून चढवली, पाण्याला उकळी आली, जाड कण्या सोडल्या. पांढऱ्या साड्या नेसलेल्या चार बाया आळीपाळीनं सराटा फिरवत होत्या आणि मी चाकूनं गूळ चिरत होते. जाड कण्या फुगल्या. बारीक सोडल्या, मागून पीठ पाण्यात कालवून घातलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. ठिपका जवळजवळ गेला होता. मी गुळाचं ताट उचललं.

तेवढ्यात आजी आल्या. हातात पिशवी, पायात धूळ, लेकीच्या गावाहून सकाळच्या पहिल्या गाडीनं उतरलेल्या. त्या सरळ डेगीपाशी आल्या आणि त्यांनी पदराची गाठ सोडायला घेतली.

"झालं का गं? माजी मूठ राहिली."

गाठीत तांदूळ होते. आख्खे.

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. सेक्रेटरी पुढं आला. "आजी, आता राहू द्या. पुढल्या साली डबल टाका."

"पुढल्या सालचं कुनाला म्हाईत?"

"एक मूठ तर हाय," एक बाई म्हणाली. "टाकू दे की वरून. इतक्यात काय कळायलंय?"

पण मला कळत होतं. इथं माझं गणित कामाला आलं. एका मुठीत हजारभर दाणे. तीनशे वाट्यांत प्रत्येकी तीन. तीनशे माणसांच्या दाताखाली तीन-तीन आख्खे कच्चे दाणे, आणि मी भर सभेत एका दाण्याची पैज लावलेली. घेऊन नुसते बाजूला ठेवावेत, आजींना काय दिसतंय, असाही विचार मनात आला. खोटं का बोलू, चांगला दोन सेकंद रेंगाळला. पण आजींनी तांदूळ मुठीत घेतले होते आणि त्या हलत नव्हत्या. हात पालथा, मूठ मिटलेली, आणि नजर डेगीवर. ती मूठ त्या डेगीत पडेपर्यंत त्या तिथून जाणार नव्हत्या, आणि पडली नाही तर जेवणार नव्हत्या.

मी गुळाचं ताट खाली ठेवलं. "कुणाकडं मिक्सर हाय का जवळ?"

"करंट गेलाय," तिघी एकदम म्हणाल्या.

"मग पाटा." मी सेक्रेटरीकडं वळले. "अक्काच्या परड्यात पाटा-वरवंटा हाय. आण."

"मी?"

"तुझ्याकडं गाडी हाय ना?"

"बाई, पाटा गाडीवर कसा आणू?"

"अपूर्णांक तरी मी तुला कसे शिकवले होते? आण म्हटलं की आण."

तो गेला. आम्ही जाळ कमी केला, डेगीत उकळतं पाणी वाढवलं. दहा मिनिटांनी तो आला तो एक पाहण्यासारखा देखावा होता. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, दोन गुडघ्यांच्या मध्ये टाकीवर आडवा पाटा, आणि मागच्या सीटवर वरवंटा मांडीवर बाळासारखा धरून बसलेली अक्का. "कुणाच्या हातात देणार न्हाई मी," ती उतरता उतरता म्हणाली. "माझ्या सासूचा हाय."

मी पाटा धुऊन पुसला. आजींनी त्यावर हात नेला आणि मूठ सोडली. मी रगडायला बसले. आतून मंडपातला बॅटरीवरचा माईक ऐकू येत होता. वंदना संपली होती आणि कुणीतरी सांगत होतं की खिरीला थोडा वेळ आहे, तोवर मुलांनी दोन गाणी म्हणावीत. मुलांनी दोन म्हटली. मग आणखी दोन. सेक्रेटरी दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होता.

भरडलेले तांदूळ डेगीत पडले. अक्का चुलीपाशी उकिडवी बसली. मी गुळाचं ताट मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, कारण बायांचा भरवसा नव्हता.

"घाल की आता," एक म्हणाली.

मी सराट्यावरून तीन कण्या उचलल्या आणि चिरडल्या. एकीत ठिपका. "न्हाई."

"बाई, लोक उठायलेत," सेक्रेटरी म्हणाला.

"उठू दे. पाय मोकळे करायलेत."

"ऊन वाढायलंय."

"मलाच जास्त लागायलंय. चुलीपाशी मी बसलेय."

पुन्हा तीन. पुन्हा ठिपका. अक्का माझ्या बोटांकडं बघत होती. मुलांची गाणी संपली आणि कुणीतरी पंचशीलाचा अर्थ समजावून सांगायला लागलं. मी चौथ्यांदा चिरडलं. मग वेगळ्या कोपऱ्यातून काढून चिरडलं. मग तळातून. सगळीकडं नुसती मऊ, चिकट, स्वच्छ कणी. मी अक्काकडं बघितलं. तिनं मान डोलावली.

गूळ गेला. पांढरी डेग आधी फिकट पिवळी झाली, मग लिंबाच्या पिकल्या पानासारखी, मग तांबूस. सुंठ, वेलदोडा, खसखस, खोबरं पडलं तसा वास मंडपात पोचला असावा, कारण पंचशीलाचा अर्थ सांगणारा मध्येच थांबला. डेग उतरवली, परातींतून गार केली, आणि वाढायला सुरुवात झाली. वाटीत खीर, वरून गार दूध.

मी वाढले नाही. मी खांबाआड उभी राहून सेक्रेटरीचा जबडा बघत होते. त्यानं पहिला घास घेतला. जबडा हलला नाही. जीभ फिरली, गळा हलला, घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्या घासाला त्यानं थांबून वाटीत बोट घातलं, जणू काही शोधतोय, आणि काहीच सापडलं नाही तसं ते बोट चाटलं. मग त्याची नजर माझ्यावर पडली. तो वाटी घेऊन उठला, खांबापाशी आला, खिशातून मोबाइल काढला आणि मला दाखवून त्या कलबुर्गीच्या आचाऱ्याचा नंबर पुसून टाकला.

"मुठीसाठी पुढल्या साली मी फिरतो," तो म्हणाला. "पन पाटा आधीच आणून ठिवा, बाई. शर्टाची वाट लागली."

मंडपाच्या टोकाला आजी बसल्या होत्या. समोर वाटी भरलेली, पण त्या खात नव्हत्या. मी घाबरून जवळ गेले.

"काय झालं, आजी? गोड जास्त झालं का?"

"न्हाई गं." त्या वाटीत वाकून बघत होत्या. "ह्यातला माजा कोनचा?"

मी वाटीत बघितलं. सत्तर घरांचं धान्य तांबूस गुळात इतकं एक झालं होतं की तांदूळ, गहू, ज्वारी यांतलं काही वेगळं काढणं डोळ्यांना शक्य नव्हतं. मी खाली बसले, चष्मा वर केला, नीट निरखल्यासारखं केलं आणि वाटीच्या कडेला चिकटलेल्या एका कणीवर ठामपणे बोट ठेवलं.

"ह्यो."

आजींनी चांगला वेळ बघितलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "त्योच." आणि त्यांनी ती कणी बोटानं उचलून आधी तोंडात टाकली.